‘पेशंटच्या तुम्ही कोण?’ : २०२३ चा निकाल आणि ऐरोलीतलं एक घर

प्रश्न थोडक्यात असा आहे: “आम्ही दोघी अकरा वर्षं ऐरोलीत एकत्र राहतो. फ्लॅट माझ्या नावावर आहे, हप्ते दोघी भरतो. ती खासगी शाळेत शिकवते. माझे आई-वडील हयात नाहीत, एक भाऊ आहे. तिचे आई-वडील साताऱ्याला असतात, तिच्याच पगारावर. मागच्या महिन्यात माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. रुग्णालयाने फॉर्मवर तिची सही घेतली नाही. ‘पेशंटच्या तुम्ही कोण?’ म्हणून विचारलं आणि नाशिकहून भाऊ येईपर्यंत चार तास थांबवलं. वर भाऊ म्हणतो, सुप्रीम कोर्टाने तुमचं नातं बेकायदा ठरवलंय. हे खरं आहे का? घटनेत समानता आहे तर कोर्ट नाही का म्हणालं? आणि आम्ही आता काय करायचं?”

ताई, भावाचं म्हणणं चूक आहे, तेवढं आधी सांगून टाकते. तुमचं नातं कुणीही बेकायदा ठरवलेलं नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी एकमताने दंड संहितेचं ३७७ कलम, सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं, घटनाबाह्य ठरवलं. १ जुलै २०२४ पासून ती दंड संहिताच गेली आणि तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेत ते कलम नाही. राहिला समलिंगी विवाहाला मान्यता मागणाऱ्या याचिकांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल. त्यात तुमच्या विरोधात गेलेल्या न्यायमूर्तींनीही दोन सज्ञान व्यक्तींना जोडीदार निवडायचा, एकत्र राहायचा आणि त्यासाठी कुणाचा जाच न सोसायचा हक्क आहे, असंच लिहिलं आहे. नाकारली गेली ती त्या नात्याची सरकारदरबारी नोंद. आता रुग्णालयाच्या काउंटरवर हा फरक कुणाला कळतो, हा प्रश्न वेगळा. तो तुम्ही चार तास अनुभवलाच आहे.

मी सत्तावीस वर्षं ठाण्यात कोर्ट नाक्यावर वकिली करते. काम मुख्यतः घरगुती वादांचं आणि घर-जागेचं. तुमच्यासारखी जोडपी माझ्याकडे २०१८ नंतर उघडपणे येऊ लागली. त्याआधी येत नव्हती असं नाही. तेव्हा ती ‘मावसबहीण’ किंवा ‘रूममेट’ म्हणून यायची आणि मीही पुढे काही विचारायची नाही. त्यामुळे निकालाविषयी जे लिहिणार आहे ते अर्धं पुस्तकातलं, अर्धं टेबलावरच्या फायलींतलं.

सुनावणी १८ एप्रिल ते ११ मे २०२३ अशी दहा दिवस चालली आणि थेट प्रक्षेपित झाली. आमच्या बार रूममध्ये जेवणाच्या सुट्टीत चार-पाच जण एका मोबाइलभोवती कोंडाळं करून बसत. एक ज्येष्ठ सहकारी रोज एकच वाक्य म्हणत, “अहो, पण हे कोर्टाचं काम आहे का?” मला तेव्हा राग यायचा. निकाल हातात पडला तेव्हा लक्षात आलं, सगळा खटला याच वाक्याभोवती फिरला. समलिंगी माणसं बरोबरीची नागरिक आहेत की नाहीत यावर घटनापीठात भांडण नव्हतंच. भांडण होतं ते दार उघडायचं कुणी, यावर.

घटनापीठावर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल, रवींद्र भट, हिमा कोहली, पी. एस. नरसिंहा होते. चार वेगवेगळी निकालपत्रं आली. दोन मुख्य मुद्द्यांवर पाचही जण एकत्र होते: विवाह करण्याचा सरसकट असा मूलभूत हक्क घटनेत नाही, आणि धर्म न पाहता लग्न करू देणाऱ्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातले ‘पुरुष’ नि ‘स्त्री’ हे शब्द कोर्टाने बदलून वाचायचे नाहीत. फूट पडली ती पुढे.

तुम्ही म्हणाल, जोडीदार निवडायचा हक्क आहे असं कोर्टानेच २०१८ मध्ये हादियाच्या खटल्यात म्हटलं होतं, मग तो गेला कुठे? गेला कुठेच नाही. हादियाच्या लग्नासाठी कायद्याची चौकट आधीपासून होती. घरच्यांच्या तक्रारीवरून उच्च न्यायालयाने तिचं लग्न रद्द करून तिला त्या चौकटीतून खेचून बाहेर काढलं होतं, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ‘आडवे येऊ नका’ असं सांगितलं. तुमची मागणी आडवं न येण्याची नव्हती. तुम्हाला चौकट हवी होती, आणि सरकारला ती बांधायला लावणं हे वेगळ्या जातीचं काम आहे, असं पाचही जण म्हणाले. गंमत अशी की तिथे पोचायच्या वाटा अगदी उलट्या होत्या. चंद्रचूड म्हणाले, विवाहाला आज जे वजन आहे ते राज्यसंस्थेने त्याला कायद्यात बसवलं म्हणून आहे. भट म्हणाले, विवाह राज्यसंस्थेच्याही आधीचा आहे, समाजातून आलेला. एकाच्या मते सरकारने दिलं म्हणून आहे, दुसऱ्याच्या मते सरकारच्या आधीपासून आहे, आणि दोघांचंही उत्तर, मूलभूत हक्क नाही. अशा वेळी मला निकालापेक्षा त्याची कारणं जास्त वाचाविशी वाटतात.

विशेष विवाह कायद्याबद्दल मात्र मी कोर्टाच्या बाजूने आहे आणि हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. वरवर पाहता काम सोपं दिसतं: ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ खोडा, ‘व्यक्ती’ लिहा. पण तो कायदा विणलेला आहे. एक टाका उसवला की पुढचे दहा सुटतात. चौथ्या कलमात वराचं वय २१, वधूचं १८. दोघींच्या लग्नात कुठलं लावायचं? निषिद्ध नात्यांच्या याद्या पुरुषासाठी वेगळ्या आणि स्त्रीसाठी वेगळ्या. घटस्फोटाची काही कारणं फक्त पत्नीला. पोटगीची कलमंही पत्नीसाठीच. माझी निम्मी वकिली पोटगीच्या अर्जांवर चालते. तिथे ‘पत्नी’ या शब्दाला धक्का लागला तर समोरचा वकील पुढच्याच तारखेला काय युक्तिवाद करेल ते मला पाठ आहे. भट यांनी हीच भीती मांडली, की कायदा लिंगनिरपेक्ष वाचायला गेलो तर स्त्रियांसाठी मुद्दाम घातलेली संरक्षणं बोथट होतील. हा मुद्दा ‘संस्कृती’वाल्या आक्षेपांपेक्षा फार वजनदार होता, आणि त्याला याचिकाकर्त्यांकडून मिळालेली उत्तरं मला तरी अपुरी वाटली.

मग समानतेचा भंग होतो म्हणून कायदाच रद्द का केला नाही? चंद्रचूड यांनी त्याचं उत्तर दिलं आहे. तो रद्द झाला तर वेगळ्या धर्मातल्या जोडप्यांना आज असलेला रस्ताही बंद होईल. हा रस्ता किती सावकाश तयार झाला ते पाहण्यासारखं आहे. १८७२ चा मूळ कायदा ब्राह्मो समाजाच्या मागणीतून आला. त्याखाली लग्न करायचं तर ‘मी हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती वगैरे कुठल्याच धर्माचा नाही’ असं लिहून द्यावं लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना धर्म न सोडता आपापसांत लग्न करता येऊ लागलं. हिंदूंच्या आंतरजातीय विवाहांसाठी विठ्ठलभाई पटेल यांनी १९१८ मध्ये विधेयक आणलं, ते बारगळलं. सबंध देशासाठी तशी मान्यता १९४९ च्या कायद्याने मिळाली. आणि १९५४ मध्ये आजचा कायदा. ब्याऐंशी वर्षं, आणि प्रत्येक पायरी कायदेमंडळाने घातलेली. आमचे ज्येष्ठ सहकारी हे ऐकून खूश झाले असते.

पण इथेच मी त्यांची साथ सोडते. कोर्टाला रिकाम्या जागा भरायची सवय नाही असं कुणी म्हणू नये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा नव्हता तेव्हा १९९७ मध्ये याच न्यायालयाने विशाखा खटल्यात नियमावली घालून दिली आणि ती २०१३ चा कायदा येईपर्यंत, सोळा वर्षं, देशभर लागू होती. बाहेरच्या देशांत याच विषयावर मधला रस्ताही निघाला होता. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २००५ मध्ये संसदेला बारा महिने दिले, २००६ मध्ये कायदा आला. तैवानच्या न्यायालयाने २४ मे २०१७ ला दोन वर्षांची मुदत दिली आणि बरोबर २४ मे २०१९ ला कायदा लागू झाला. कायदा आम्ही लिहीत नाही, तुम्ही लिहा, पण या तारखेपर्यंत लिहा, एवढं म्हणायला आमच्या घटनेतला कुठला अनुच्छेद आड येत होता, ते चारही निकालपत्रं वाचून मला सापडलं नाही.

खरा निकाल लागला तो ३ विरुद्ध २ च्या भागात. चंद्रचूड आणि कौल यांचं म्हणणं असं: विवाह म्हणू नका, पण या जोडप्यांना एकत्र येण्याचा, सहजीवनाचा हक्क आहे आणि त्यातून येणारे व्यवहारातले फायदे देणं हे राज्यसंस्थेचं कर्तव्य आहे. भट, कोहली आणि नरसिंहा म्हणाले, एकत्र राहा, पण त्या नात्याला कायद्याचा दर्जा द्या असं आम्ही सरकारला सांगू शकत नाही. दत्तकाचंही तसंच. दत्तक नियमावलीतल्या ५(३) नियमानुसार जोडप्याला दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक जीवन लागतं. अल्पमताने तो नियम घटनाबाह्य मानला, बहुमताने टिकवला. म्हणजे आज तुमच्यापैकी एकीला एकल स्त्री म्हणून मूल दत्तक घेता येतं, दोघींना मिळून नाही. मूल घरात दोघींचं आणि कागदावर एकीचं. जिच्या नावावर ते नाही तिला शाळेच्या गेटवरूनही मूल ताब्यात मिळेलच असं नाही.

भट यांच्या निकालपत्रातला एक भाग मात्र फार कमी लोक वाचतात. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विमा असे फायदे विवाहाच्या धाग्याला बांधल्यामुळे समलिंगी जोडप्यांना भेदभावाची झळ बसते, हे त्यांनी मान्य केलं आहे. अन्याय दिसतो, उपाय आमच्या हातात नाही, सरकारने समिती नेमावी, असा त्याचा सूर. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या स्त्री-पुरुष विवाहाला आजच्याच कायद्यात जागा आहे, हेही पाचही जणांनी सांगितलं. त्या एका गोष्टीने माझ्या दोन अशिलांची लग्नं मार्गी लागली.

पुनर्विचार याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या. समिती एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाली. तिच्या स्थापनेनंतर २०२४ मध्ये केंद्राच्या खात्यांकडून तीन पत्रं निघाली: शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरावं, संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला बंदी नाही, आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. हवा होता दर्जा, आलं रेशन कार्ड. मी हसत नाहीये. शिधापत्रिका हा पत्त्याचा आणि एका चुलीचा पुरावा असतो, तो करून घ्याच.

संसदेतही अगदी काहीच झालेलं नाही असं नाही. सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ ला लोकसभेत विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक मांडलं होतं. खासगी विधेयकांचं पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पण एक गोष्ट माझ्या वकील मित्रांच्याही ध्यानात येत नाही: विवाह, दत्तक, मृत्युपत्र, वारसा हे विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहेत, पाचवी नोंद. म्हणजे राज्य विधिमंडळालाही त्यावर कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी टक्कर होत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते, इतकंच. आणि तुमच्या ऐरोलीच्या फ्लॅटच्या वाटेतले निम्मे काटे तर दिल्लीचे नाहीतच, ते मुंबईतल्या विधानभवनाचे आहेत. ते आता बघू.

त्याआधी, करार करून लग्नाची उणीव भरून काढता येईल का, हे तुम्ही विचाराल, कारण सगळेच विचारतात. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ‘सहजीवन करार’ लिहून आणलेली जोडपी मी पाहिली आहेत. करार लिहिणाऱ्या दोघांना बांधतो. तुम्ही दोघी एकमेकींना आधीच बांधून घेतलं आहे, त्याला स्टॅम्पची गरज नव्हती. लग्नाचं वैशिष्ट्य असं की ते तिसऱ्याला बांधतं: रुग्णालयाच्या काउंटरवरच्या माणसाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, बँकेच्या मॅनेजरला, प्राप्तिकर अधिकाऱ्याला, आणि नाशिकच्या भावालाही. यांच्यापैकी कुणीही तुमच्या करारावर सही केलेली नसते. म्हणून एक मोठा करार करण्यापेक्षा, प्रत्येक तिसऱ्या माणसाला ज्या कायद्याने बांधता येतं तो कागद वेगळा करायचा. कंटाळवाणं काम आहे. त्यातही काही जागा अशा निघतात जिथे कुठलाच कागद चालत नाही.

रुग्णालयापासून सुरुवात करू, कारण तिथे तुमच्यावर अन्याय झाला तो कायद्यामुळे नव्हे, कायदा माहीत नसल्यामुळे. तुम्ही शुद्धीवर होतात ना? मग भावाची सही लागतच नव्हती. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की सज्ञान, शुद्धीवरच्या रुग्णाची स्वतःची संमती हीच संमती. त्या खटल्यात चव्वेचाळीस वर्षांच्या अविवाहित बाई भुलीखाली असताना डॉक्टरांनी आईची संमती घेऊन पुढची शस्त्रक्रिया केली होती, ती संमती चालली नाही. जिथे आईची सही चालत नाही तिथे भावाची कशी चालेल? तातडीच्या, जिवावरच्या प्रसंगी तर डॉक्टरांना संमतीशिवायही उपचार करता येतात. पुढच्या वेळी फॉर्मवर तुम्ही स्वतः सही करा आणि ‘माझ्या प्रकृतीची माहिती हिला द्यावी, माझ्या वतीने हिच्याशी बोलावं’ अशी ओळ हाताने लिहा. तसं एक पत्र आजच करून दोघींच्या मोबाइलमध्ये ठेवा.

बेशुद्धावस्थेचा प्रश्न अवघड आहे. कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते देणाऱ्याची समज गेली की आपल्याकडे ते निकामी होतं, आणि मृत्यूनंतर तर संपतंच. नेमकं हवं तेव्हा उपयोगाचं नाही. दोन गोष्टी त्यातल्या त्यात बऱ्या. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या १४ व्या कलमाखाली साध्या कागदावर सही करून कुणाही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतं, नातं लागत नाही. तो फक्त मानसिक आजारापुरता. आणि आयुष्याच्या अखेरच्या उपचारांबद्दलचं आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र, जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. त्यात निर्णय कोण घेईल त्या व्यक्तीचं नाव घालता येतं. अवयवदानात मात्र कागद नाही: पती-पत्नी ‘जवळचे नातेवाईक’ म्हणून मोजले जातात, तुम्ही दोघी परक्या, म्हणून मूत्रपिंड द्यायचं तर प्राधिकार समितीसमोर उभं राहावं लागेल.

आता घर. तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या १५ व्या कलमानुसार फ्लॅट कुणाला जाईल? पती नाही, मुलं नाहीत, आई-वडील नाहीत. मग वडिलांचे वारस, म्हणजे भाऊ. अकरा वर्षांचे हप्ते तिच्या खात्यातून गेले असले तरी तिला कोर्टात जाऊन ‘माझे पैसे होते’ हे सिद्ध करत बसावं लागेल. सोसायटीत नॉमिनी केलंय म्हणून निर्धास्त असाल तर राहू नका. सहकार कायद्याच्या १५४ब-१३ कलमाखाली नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं, मालकी नाही. ती वारसाने किंवा मृत्युपत्रानेच ठरते. शेअर्सच्या नॉमिनीबद्दल सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं.

तिला सोसायटीत ‘सहयोगी सभासद’ करून घ्यायचा प्रयत्नही बहुधा फसेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती व्याख्या नात्यांची यादी देते: पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, सून, जावई, पुतण्या-भाचे. तुमची जोडीदार त्यात नाही. सून चालते, अकरा वर्षांची सोबतीण चालत नाही. सहसभासद मात्र होता येतं, पण त्यासाठी घरात तिचा हिस्सा हवा, म्हणजे दस्तात नाव हवं.

आणि दस्तात नाव घालायला गेलात की मुद्रांक शुल्क समोर येतं. राहतं घर पती-पत्नीने एकमेकांना, किंवा मुला-नातवंडांना बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये; स्थानिक अधिभार नि नोंदणीचा खर्च वेगळा. तुम्ही तिला निम्मा हिस्सा बक्षीस दिलात तर खरेदीखतासारखं पूर्ण शुल्क, म्हणजे लाखांत. वर प्राप्तिकर. नातेवाईक नसलेल्याकडून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त मूल्याची भेट मिळाली तर ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते, आणि ‘नातेवाईक’ या शब्दात जोडीदार म्हणजे पती किंवा पत्नीच. याच मुद्द्यावर २०२५ मध्ये एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आहे. मला त्या याचिकेकडून बरीच आशा आहे, कारण तिथे कुणी विवाह मागत नाही, फक्त करातली वागणूक मागत आहे, आणि भट यांनी मान्य केलेला भेदभाव तोच आहे. ऐरोलीची जमीन सिडकोची, भाडेपट्ट्यावरची, तेव्हा हस्तांतरणाला सिडकोचे सोपस्कारही आहेत, आणि कर्ज चालू आहे तोवर बँकेची संमतीही. मुद्रांक अधिनियम आणि सहकार कायदा दोन्ही राज्याचे. त्या दोन याद्यांत एकेक शब्द वाढवायला सर्वोच्च न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही. मी विधानभवनाचा उल्लेख केला तो यासाठी.

तोवर तिने हप्त्याचा वाटा रोखीने देऊ नये, बँकेतूनच द्यावा आणि शेऱ्यात ‘गृहकर्ज’ लिहावं. पुढचं घर घ्याल तेव्हा करारातच दोघींची नावं आणि हिस्से.

पीएफमध्ये तुमच्या दोघींची स्थिती एकसारखी नाही. योजनेच्या नियमानुसार ‘कुटुंब’ असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच लागतो. कुटुंब नसेल तर कुणीही चालतो. तुम्ही अविवाहित, आई-वडील नाहीत, भाऊ त्या व्याख्येत येत नाही, म्हणून तुम्ही तिचं नाव देऊ शकता. ती देऊ शकत नाही, कारण साताऱ्याचे आई-वडील तिच्यावर अवलंबून आहेत. ग्रॅच्युइटीचंही जवळपास तसंच. आयुर्विम्यात नॉमिनी म्हणून नाव घालता येतं, पण २०१५ पासून रक्कम स्वतःच्या हक्काने मिळते ती आई-वडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तरच. इतर नॉमिनीकडे वारस दावा करू शकतात. म्हणून विम्याची रक्कमही मृत्युपत्रात स्पष्ट लिहायची. बँकेच्या ठेवींना ‘कुणीही एक किंवा हयात’ पद्धतीचं संयुक्त खातं सर्वांत सोपं.

म्हणजे शेवटी सगळं मृत्युपत्रावर येऊन थांबतं. दोघींची दोन वेगळी करा, एकत्र नको. मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच. तिच्या नावाने काही ठेवताय तर ती साक्षीदार नको. हिंदूंच्या मृत्युपत्रात तेवढ्याने देणगी रद्द होत नाही, पण संशयाला जागा मिळते. डॉक्टरांचा त्याच दिवशीचा दाखला जोडा. आणि कारण लिहा. रक्ताचं माणूस डावलून परक्याला सगळं दिलं की कोर्ट ‘संशयास्पद परिस्थिती’ शोधतं. ‘माझी मैत्रीण’ असं गुळमुळीत लिहिलेलं एक मृत्युपत्र माझ्या फाइलीत सहा वर्षं अडकलं आहे. समोरची बाजू विचारते, मैत्रिणीला कुणी घर देतं का? तुम्ही सरळ लिहा: आम्ही अमुक साली एकत्र राहायला लागलो, संसार दोघींचा, घराचे पैसे दोघींचे, भावावर माझा राग नाही, त्याची परिस्थिती चांगली आहे, म्हणून त्याला काही ठेवत नाही. २०१८ च्या आधी मी असं लिहू नका म्हणाले असते.

दोन साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान आणि सहज सापडतील असे निवडा. आणि भाऊ. चार तासांचा प्रवास करून तो सहीला आलाच होता. त्याला नीट समजावून सांगता आलं आणि तो तयार झाला, तर एक साक्षीदार म्हणून त्यालाच बोलवा. ज्याला काही मिळणार नाही त्याच वारसाची सही खाली असली, तर उद्या ते मृत्युपत्र मोडायला कोर्टात कोण उभं राहणार?